वेचणीचा सांगावा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या आत्याचे. बोरी गावात तिनं मला वाढवलं आणि कापूस वेचून पदवीपर्यंत शिकवलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं.

वेचणीची मजुरी किलोवर असते. शेतमालक संध्याकाळी कुणा एकीला सांगायचा, "उद्या बाया घेऊन ये." बाया कमी, तर प्रत्येकीच्या ओटीत कापूस जास्त. म्हणून पुष्कळजणी हा सांगावा आपल्यापुरताच ठेवत. आत्या मात्र गल्लीभर हाका मारत फिरायची.

"दवंडी पिटायलीस का, अक्का?" शेजारीण चिडायची. "आपल्याला काय कापूस सरलेल्या नुसत्या पळाट्या?"

"सारं रान तू एकलीच येचतीस व्हय? जा, भाकरी कर."

पुढे पुण्यात मी क्रिप्टो चलनावर प्रबंध लिहायला घेतला. त्यात कुणी कुणाला पैसे पाठवले, की ती खबर एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जाते. या संगणकांना नोड म्हणतात. व्यवहाराची नोंद जो नोड करतो, शुल्क त्याला मिळतं. मग ज्याला खबर आधी कळली, त्यानं ती इतरांना का द्यावी? उपाय असा, की खबर पुढे देणाऱ्यालाही शुल्कात वाटा द्यायचा. मात्र जास्त वाट्यासाठी कुणी खबर देणाऱ्यांच्या साखळीत स्वतःचीच खोटी नावं घुसवली, तर त्याला फायदा होता कामा नये. हा नियम बसवण्यात मी गुंतलो होतो, तेव्हाच आत्याचे गुडघे गेले.

सावकाश का होईना, ती वेचू शकत होती. पण तिला कुणी सांगेना. सकाळी भाकरी बांधून ती उंबऱ्यावर बसायची, बाया दारावरून निघून जायच्या. मी शेजारणीला फोन केला. ती रडवेली झाली. "काय करू लेकरा? रानात नेणारा टेम्पो तिला चढस्तोवर थांबत न्हाई."

आत्याला फोनवर माझा विषय सांगितला, तर म्हणाली, "मला वाटा नको रं. नुसती हाक मारा म्हणावं."

पुढे मी तिला पत्र लिहिलं. वाचून दाखवणार ती शेजारीणच, हे ठाऊक होतं.

"आत्या, सविनय जयभीम. प्रबंध मान्य झाला. पहिल्या पानावर तुझे आभार मानलेत. तुझ्यामागं गल्लीत फिरलो नसतो, तर हा विषय मला सुचला नसता. पण जिला कुणीच सांगत नाही, तिच्यासाठी माझ्या नियमात काही नाही. लय शोधलं. पुलापलीकडच्या रानात शेवटची वेचणी राहिलीय. मालकाला विचारलंय. रविवारी येतो, मोटरसायकलवर नेतो. हा सांगावा समज. भाकरी दोघांची बांध."