थायरॉईडची गोळी आणि कट्ट्यावरचं दूध

मुलीची थायरॉईडची गोळी मी जवळजवळ वर्षभर तिला म्हशीच्या दुधाबरोबर दिली. तेही पिशवीतल्या दुधाबरोबर नाही. गवळी पहाटे म्हशी आणून बांधतात त्या कट्ट्यावर, म्हशीशेजारी उभं राहून, डोळ्यांदेखत ग्लासात धार काढून घेतलेलं, वर बोटभर फेस असलेलं धारोष्ण दूध. गाढवपणासुद्धा मी कधी पाणी घालून केलेला नाही.

पोरगी तेव्हा नुकतीच अकरावीत गेली होती. त्याआधी शाळेच्या मैदानावर फुटबॉल खेळताना ती अशी पळायची, की बघणाऱ्याला धाप लागावी. मग ती हळूहळू विझायला लागली. चेहरा सुजल्यासारखा, आवाज बसलेला, भर मे महिन्यात अंगावर चादर. न्हाणीघराच्या जाळीवर रोज केसांचा पुंजका. रक्त तपासलं, थायरॉईड निघालं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि सांगितलं, सकाळी उपाशीपोटी घ्यायची, पाण्याबरोबर.

मी मान डोलावली आणि जिना उतरता उतरताच त्यात सुधारणा केली. पाणी हे बाहेरगावच्या पेशंटला ठीक आहे. कोल्हापूरची पोरगी, अशक्त झालेली, आणि तिला सकाळी सकाळी नळाचं पाणी द्यायचं? तिनं एकदा भीत भीत विचारलं होतं, पाण्याबरोबरच घेऊ का म्हणून. मी हसलो. तिच्या आजोबांना कट्ट्यावरच्या दुधानं कसं घडवलं, याचं एक लांबलचक भाषण मी गाडी चालवता चालवता तिला ऐकवलं. ती मागे बसून ऐकत होती. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

रोज उजाडता उजाडता आम्ही दोघं निघायचो. गोळी माझ्या शर्टाच्या खिशात. गवळ्याला मी मोठ्यानं सांगायचो, औषधाचा ग्लास हाय, जरा दाट सोडा. आजूबाजूचे लोक कौतुकानं बघायचे. एवढी काळजी घेणारा बाप मीच तिथं एकटा, असं मला वाटायचं. लोकांनाही वाटत असावं.

रिपोर्ट मात्र बिघडतच गेला. डॉक्टरांनी डोस वाढवला. पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. डोस परत वाढवला. शेवटी त्यांनी मला विचारलं, मुलगी गोळी नियमित घेते ना? त्यांनी सहजच विचारलं असेल. माझ्या डोक्यात मात्र दिवा पेटला. गोळी रोज मी देतोय, दूध रोज समोर काढलं जातंय, तरी गुण नाही. म्हणजे पोरगी गोळी गालात धरते आणि नंतर थुंकते. सगळा हिशोब जुळला. त्यात संशय घ्यायला एकच माणूस शिल्लक होता, आणि तो मी सोडून दुसरा कुणीतरी होता.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर, ग्लास रिकामा झाल्यावर, मी तिला म्हटलं, “तोंड उघड.”

तिला कळेना. मी पुन्हा म्हटलं. तिनं उघडलं. मी मोबाईलचा टॉर्च लावला, जीभ वर करायला लावली, दोन्ही गालांत बोट घालून बघितलं. दूध प्यायला आलेली माणसं बघत होती, त्यांत तिच्या वर्गातला एक मुलगाही होता. तोंडात काही सापडलं नाही. माझा संशय तरीही फिटला नाही. मला वाटलं, पोरगी आता फारच हुशार झाली. त्या दिवसापासून ते रोजचं झालं. काही दिवसांनी मला सांगावंही लागेना. ग्लास ठेवायची आणि आपणहून तोंड उघडायची.

त्याच महिन्यात तिनं खेळ सोडला. पाय उचलत नाहीत, म्हणाली. मी तिला आळशी म्हटलं. आणखीही बरंच काही म्हटलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग बायकोनं माझं न ऐकता डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरीणबाईंनी प्रश्न विचारले की उत्तरं मी देत होतो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि पोरीला विचारलं, उठल्यापासून काय काय करतेस? तिनं सगळं सांगितलं. दुधाशी आल्यावर बाईंचं लिहिणं थांबलं. मला वाटलं, त्यांना आवडलं. मी म्हणालो, “धारोष्ण, मॅडम.”

त्या हसल्या नाहीत. दुधातलं कॅल्शियम या गोळीला पोटातच धरून ठेवतं, अंगाला नीट लागू देत नाही, असं त्यांनी मला शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. गोळी पाण्याबरोबर, दूध काही तासांनी. मी पोरीकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. परत येताना मी वाट बघत होतो, की ही आता मला शिव्या घालेल. गाडीवर मागे कुणी बसलंय की नाही, हेही मला आरशात बघावं लागलं.

आता रिपोर्ट चांगले येतात. केस गळायचे थांबलेत. मैत्रिणींशी फोनवर ती खिदळते, मी खोलीत गेलो की आवाज उतरतो. तिच्या जागी संघात दुसरी मुलगी खेळते. नवे बूट आणले होते मी. खोक्यातच आहेत.

परवा सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो, तर ती ओट्याशी उभी राहून पाण्याबरोबर गोळी घेत होती. पेला ठेवला, माझी चाहूल लागली तशी वळली, आणि तिनं तोंड उघडलं. जीभ वर केली. आपण काय करतोय हे तिच्या लक्षात येईपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो.

मी कसंबसं म्हणालो, “बाळ, दाखवू नको. माझा विश्वास हाय तुझ्यावर.”

तिनं तोंड मिटलं, पेला विसळून पालथा घातला.

“आता हाय व्हय?” ती म्हणाली. “माणसाला आधी विचारायचं असतंय, पप्पा. तोंड उघडून म्हशीचं बघत्यात.”