माझा पहिला तिसरा नंबर

स्टिअरिंग आणलं नवऱ्याने. ऑफिसातला एक मित्र रोज संध्याकाळी घरबसल्या कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती खेळतो आणि त्याने टेन्शन कमी होतं, असं त्याच्या कानावर आलं होतं. नवरा कृषी खात्यात आहे. टेन्शन किती आहे ते मला माहीत नाही, पण कमी करायची हौस मोठी. एका रविवारी त्याने खोका उघडला, ते गोल चाक जेवणाच्या टेबलाला आवळून बसवलं, पेडल खाली मांडले आणि शर्यत सुरू केली. तिसऱ्या वळणावर त्याचा चेहरा उतरला. चौथ्या वळणाला तो उठून मोरीकडे गेला. डोळ्यांपुढे रस्ता पळतोय आणि शरीर खुर्चीतच आहे, हे काही माणसांना सोसत नाही.

लिंबूपाणी घेऊन आडवा पडल्यावर तो म्हणाला, "मले नाई झेपत हे. वापस करून टाकू."

वापस करायची मुदत दहा दिवसांची होती. मी म्हटलं, तोवर मी पाहते.

मी अमरावतीत एका शाळेत गणित शिकवते. तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी लागलेली होती, पेपर तपासून झाले होते आणि अकराच्या पुढे घराबाहेर पडायची सोय नव्हती. पहिले चार दिवस माझं भांडण रस्त्याशी नव्हतंच, फर्निचरशी होतं. ब्रेक दाबला की पेडल पुढे सरकायचे आणि चाकांची खुर्ची मागे. गाडी थांबत नसे, मीच स्वयंपाकघराकडे निघत असे. शेवटी पेडलांच्या पुढे भिंतीला लावून पाटा ठेवला आणि खुर्ची साधी लाकडी घेतली. कूलर चालू असूनही तळहातांना घाम यायचा, म्हणून स्कूटीवर घालते ते उन्हाचे पांढरे हातमोजे घातले. नवऱ्याने एकदा पाहिलं आणि पेपर वाचायला घेतला.

आठवड्याभराने मी खऱ्या माणसांबरोबर खेळायला लागले. ठिकठिकाणची बाराएक जणांची मंडळी रोज संध्याकाळी जमायची. कानात हेडफोन, सगळं बोलणं हिंदीत. खेळात टोपणनाव लागतं, मी फक्त आद्याक्षरं टाकली. माइक बंद ठेवायची, विचारलंच काही तर 'हां' एवढं टाइप करायची. बाई की पुरुष, हे कोणी विचारलं नाही. त्यांनी आपसांत ठरवून टाकलं आणि मी भैया झाले.

पहिल्या वळणावर बाराही गाड्यांना एकच जागा हवी असते. आमच्या राजकमल चौकात संध्याकाळी सहा वाजता तेच असतं, पण तिथे धक्का मारून कोणी सॉरी म्हणत नाही. इथे मला मातीत ढकलून इंदूरचा एक जण न चुकता म्हणायचा, "सॉरी भैया." त्यानेच मला शिकवलं की ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात नाही. मी आजवर नेमकं उलटं करत होते. दहा दिवसांची मुदत कधी उलटली, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. मी बाराव्या नंबरावरून आठव्यावर आले होते.

मग एका संध्याकाळी चुकून माइक चालू राहिला. शर्यत अर्ध्यावर होती आणि कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. मी जिवाच्या आकांताने वळण घेत म्हणाले, "अहो, गॅस बंद करा."

मग इंदूरवाल्याचा आवाज आला. "मॅम?"

त्यानंतर जे झालं ते मी अजून विसरलेले नाही. पुढची गाडी बाजूला झाली. तिच्या पुढचीही झाली. वळणावळणावर मला वाट मिळत गेली आणि मी तिसरी आले. आयुष्यातला पहिला तिसरा नंबर. सगळे म्हणाले, "बढ़िया, मॅम."

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बसमधे लेडीज सीट भेटते, तशी भेटली तुले."

मला राग आला, कारण तो खरं बोलला होता. दुसऱ्या दिवशी माइक मुद्दाम चालू केला आणि वर्गात बोलते त्या आवाजात सांगितलं, "मैं स्कूल में पेपर जाँचती हूँ. ग्रेस के मार्क न देती हूँ, न लेती हूँ."

"जी मॅम," सगळे म्हणाले. इंदूरवाला म्हणाला, "फिर बुरा मत मानना."

पहिल्याच वळणावर त्याने आतून गाडी घातली आणि मी मातीत गेले. या वेळी त्याने सॉरी म्हटलं नाही. मी दहावी आले. हातमोजे काढताना लक्षात आलं की आपण हसतोय.

हे सगळं मी अकोल्याच्या माझ्या मोठ्या भावाला फोनवर सांगितलं, आणि महिन्याभरात त्यानेही चाक आणलं. आता रविवारी आम्ही एकाच शर्यतीत असतो. मी सहावी-सातवी येते, तो अकरावा. मागच्या रविवारी शर्यत संपल्यासंपल्या त्याचा फोन आला.

"मोठ्या भावाले जरा जागा देशीन का नाई?"

"नाही," मी म्हटलं. "जागा मागून मिळत नाही."

तिकडे आईने त्याच्या हातातून फोन घेतला. म्हणाली, "जागेचं काय असन ते समोर बसून बोला. फोनवर कावून भांडून राहिले? तुमच्या बापानं वाटण्या नीट करून ठेवल्या हायेत."

तिला समजावून सांगायला मला अकोल्याला जावं लागलं.