दिगूचा पहिला नियम

दिगू गेल्याचं त्याच्या मुलीनं शारजातल्या अल नहदातून फोनवर कळवलं. "काका, बाबा गेले. And he's left a jar for you." बरणीचं नाव ऐकलं आणि रडू यायच्या आधी मला रागच आला. इतक्या वर्षांचा मुरलेला राग... माणूस गेला म्हणून तो लगेच कसा जाईल?

साठच्या दशकात आम्ही दोघं शारजात एका खोलीत राहायचो. गोडं पाणी गाढवावरून डब्यांतून यायचं. दिगूच्या साहेबानं रजेवर जाताना त्याला माल्टचा डबा, यीस्टची पुडी, रबरी नळी आणि सल्ला दिला: सगळं उकळत्या पाण्यानं धू, भांडं झाकून गार जागी ठेव, बुडबुडे थांबल्याशिवाय बाटल्या भरू नकोस. झालं! घरी देवाचं ताम्हनही कधी न घासलेला हा गृहस्थ बिअरसाठी सोवळं पाळू लागला. गोडं पाणी बाटल्यांना आणि आमचा चहा मचूळ पाण्याचा.

भांडं तेवढं नव्हतं. माझ्याकडे होती आईनं बोटीनं धाडलेली चिनी मातीची मोठी बरणी, कैरीच्या लोणच्याची. लोणचं पोचलं आणि दोन महिन्यांत आई गेल्याची तार आली. तेव्हापासून मी दर शुक्रवारी एकच फोड खायचो. दिगूला हे ठाऊक होतं. तरी मी कामावर असताना त्यानं लोणचं पत्र्याच्या डब्यात काढलं, बरणी तीनदा उकळत्या पाण्यानं धुतली आणि ओलं गोणपाट गुंडाळून तीत बिअर घातली.

"पंधरा दिवसांत खलास, मग परत भरून ठेवतो," म्हणाला.

पंधरा दिवसांत डबा गंजला, लोणचं काळं पडलं, फेकावं लागलं. आणि बिअरला वास हिंगाचा! दिगू दोन पेले प्यायला, वर "चव वेगळी आहे" म्हणाला. मी महिनाभर त्याच्याशी बोललो नाही. बरणी डोळ्यांसमोर नको म्हणून त्यालाच देऊन टाकली. पुढे आमचं जमलं, पण माफी त्यानं कधी मागितली नाही. नव्यानं बिअर करू पाहणाऱ्यांचा मात्र तो गुरुजी झाला.

गेल्या आठवड्यात बरणी आली. आत घडी घातलेला कागद होता, नवशिक्यांना तो द्यायचा त्या नियमांचा. धुणं, झाकणं, धीर धरणं, सगळं होतं, पण दुसऱ्या नियमापासून पुढे. पहिला वेगळाच होता: 'भांडं नवं घ्या. मित्राच्या आईचं घेऊ नका.'

अरे गाढवा, साऱ्या गावाला सांगितलंस, मला सांगायला काय झालं होतं?

बरणी आता माझ्या ओट्यावर आहे. रिकामीच. येताजाता मी तिच्याशी भांडतो.