विलासच्या दोन टीम

मी देवाकडे विलासचं मरण मागितलं होतं.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. दुपारी वर्षश्राद्ध आटोपून घरी आलो आणि लिहायला बसलो.

विलास आर्मीत हवालदार, पोस्टिंग उत्तरेत, बबिन्याच्या छावणीत. युनिटच्या फुटबॉल टीममध्ये होता. चिरगाँवच्या रस्त्यावर गाडी उलटली आणि मानेखालचं सगळं गेलं.

त्यानंतर नऊ वर्षं. तिथल्याच जवळच्या शहरात खंडेराव गेटपाशी एक खोली, एक पलंग.

मी शेजारी. रविवारी वहिनींना जरा झोप मिळावी म्हणून पूजा उरकून सकाळीच जायचो. तेव्हा मोबाइलवर अमेरिकेतली मॅच असायची. संध्याकाळी इंग्लंडची.

मला फुटबॉल कळत नव्हता. गावच्या शाळेत आम्ही कबड्डी खेळलो. माझं काम एवढंच, की हाफ टाइमला विलासची कूस बदलायची आणि मोबाइलचं स्टूल पलंगाच्या दुसऱ्या बाजूला न्यायचं.

"टीम साइड बदलतात, मग मी पण," म्हणायचा.

दोन्हीकडच्या त्याच्या टीम कायम तळाजवळ.

दूधवाला दारातून ओरडायचा, "भैया, आज फिर हारे का?"

"हारे!"

"तो कोई जीतने वाली पकड़ लो!"

"अब इस उमर में किसे छोड़ें, यार!"

एकदा त्याने मला नियम समजावला. इंग्लंडमध्ये शेवटच्या तीन टीमना खालच्या लीगमध्ये टाकतात. अमेरिकेत तसं नाही. कितीही हरा, पुढच्या वर्षी तिथेच.

"मग अमेरिकेचं बरं की," मी म्हणालो.

"बरं? मी आठ वर्षं अमेरिकन लीगमध्येच आहे, अण्णा."

मी म्हणालो, "आमच्या कबड्डीत आउट झालेला परत आत येतो."

"मग मला कबड्डीत घाल ना!" आणि खोकला येईपर्यंत हसला.

पुढच्या सीझनला त्याची इंग्लंडमधली टीम खाली गेली. मैदानावर पोरं रडत होती. मला वाटलं, हाही रडेल.

"रडतात कशाला?" तो म्हणाला. "सुटले."

मग माझ्याकडे बघून, "तू रोज गणपतीला जातोस. माझ्यासाठी काय मागतोस?"

"आयुष्य."

"नको मागूस. मलाही खाली जाऊ दे."

"गप बस."

पण त्या दिवसापासून देवळात माझे नुसते हात जोडलेले. मागावं तर काय, आयुष्य की मरण?

आणि परतताना वहिनी दारात. रोज तेच.

"भावजी, यांच्या आयुष्यासाठी सांगितलंत ना देवाला?"

"हो वहिनी."

पावसाळ्यात पाठीची जखम चिघळली. ताप उतरेना. एका रविवारी हाफ टाइमला त्याला वळवला, तर कण्हलासुद्धा नाही. स्टूल हलवायला गेलो.

"राहू दे," म्हणाला.

नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याने मॅच अर्धी सोडली.

मी तसाच देवळात गेलो. म्हणालो, बाप्पा, सोडव त्याला.

चौथ्या दिवशी तो गेला.

तेराव्याला वहिनी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "भावजींनी देवाला धरून ठेवलं होतं, म्हणून एवढी वर्षं मिळाली."

मी मान खाली घातली. वर्षभर तशीच होती. देवळात जात होतो, पण मूर्तीकडे बघवत नव्हतं.

आज पानं उठल्यावर वहिनींना सगळं सांगितलं.

त्यांनी हातातलं ताट पुसून ठेवलं.

मग म्हणाल्या, "मी पाच वर्षं तेच मागत होते, भावजी. म्हणून तर तुम्हाला आयुष्य मागायला लावायचे. कुणीतरी मागायला हवं होतं ना?"

हे इथे लिहू का, विचारलं. "लिहा," म्हणाल्या.

विलास, आज रविवारच आहे. सकाळी एकटाच मॅच बघत बसलो होतो. तुझी अमेरिकेतली टीम परत हरली.

हाफ टाइमला उठलो आणि स्टूल दुसऱ्या बाजूला नेलं.

सुखाने जा, मित्रा. तुला माझा मनापासून नमस्कार.