खिडकीतली नळी

रक्त काढणाऱ्या ताईंचा हात इतका हलका, की सुई टोचल्याचं कळायचंही नाही. पन्नाशीतच रक्तावरून पुढच्या विसराळूपणाची चाहूल लागते का, हे त्यांच्या लॅबमध्ये तपासत होते. रक्त अर्ध्या तासात यंत्रात फिरवलं नाही, तर आकडे बिघडतात. तपासणीला आलेल्या एका शिंप्याची सकाळी भरलेली नळी मात्र ताई साफ विसरल्या. दुपारी दिसल्यावर मुकाट्याने फिरवली आणि कागदावर सकाळची वेळ ठोकून दिली.

महिन्याने शिंपी रिपोर्ट घेऊन आला. "ताई, डोकं दगा देणार म्हणे. मापं चुकण्याआधीच दुकान बंद केलं."

ताईंनी रिपोर्टवरच्या वेळेवर अंगठा ठेवला.

"अजून तरी सगळं लख्ख आठवतंय हो," तो म्हणाला. "माझी नळी तुम्ही खिडकीत ठेवली होतीत. उन्हात."