गाळणीचं यंत्र निवडताना

आमच्या हॉलमध्ये समुद्र आहे. गारखेड्यात, दुसऱ्या मजल्यावर, जिथं नळाला पाणी आलं की अख्खी सोसायटी हातातली कामं टाकून पिंपं भरायला धावते, तिथं. चार फुटांची काचेची टाकी, तिच्यात खारं पाणी, पाण्यात दगड, दगडांवर जिवंत प्रवाळ आणि दोन नारंगी पट्टेवाले मासे. हे खूळ मुलाचं. कॉलेजात असताना त्यानं ते घरात आणलं आणि नोकरीसाठी जर्मनीला जाताना माझ्या गळ्यात घातलं. "तीन वर्षं फक्त सांभाळ, आई. आलो की माझं मी बघतो," बुटांची नाडी बांधता बांधता तो म्हणाला. बाकी तो काय काय म्हणाला ते विसरले. त्या 'आलो की'ची मात्र मी मनाशी खूणगाठ बांधली.

मी शाळेत भूगोल शिकवायचे. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी समुद्र पाहिलेला नसायचा, आणि खरं सांगायचं तर लग्न होईपर्यंत मीही पाहिला नव्हता. फळ्यावर निळ्या खडूनं प्रवाह काढायचे, बाण दाखवायचे, झालं. म्हातारपणी तो समुद्र धुणंभांडी करायला लावील असं वाटलं नव्हतं.

धुणं म्हणजे खरोखरच धुणं. टाकीतलं पाणी वरून खालच्या कपाटातल्या दुसऱ्या, लहान टाकीत पडतं, तिथं साफ होतं आणि पंपानं परत वर जातं. खाली पडताना ते एका जाड कापडी पिशवीतून गाळलं जातं. माशांची घाण, उरलेलं खाणं, सगळं त्या पिशवीत अडकतं. मुलगा तिला मोजा म्हणायचा, म्हणून आम्हीही मोजा म्हणतो. हा मोजा रोज उलटा करून धुवावा लागतो. साबणाचा एक थेंब चालत नाही. पिण्याच्या पाण्याच्या मशीनमधून जे वाया जाणारं पाणी निघतं, ते मी बादलीत साठवते आणि त्यात मोजा आपटते. उरलेल्या पाण्यानं फरशी पुसते. आमच्या गावात पाणी एकदा वापरून फेकून देणारा माणूस वेडा किंवा नवा तरी असतो.

संध्याकाळी मुलाचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, "मोजा धुतलास?" मग मी फोन टाकीकडे धरायचे. त्याला टाकी दिसायची आणि मला तो. तो प्रवाळ बघायचा, मी त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघायचे, मागच्या ओट्यावर काय शिजतंय ते बघायचे. "आई, हात स्थिर धर ना," असं तो ओरडायचा. मला मोज्याचा मनापासून कंटाळा होता, पण त्या प्रश्नाचा कधी कंटाळा आला नाही. आईशी रोज काय बोलायचं, असा प्रश्न मुलग्यांना पडतोच. आमच्याकडे मोजा होता.

तिसरं वर्ष निम्मं सरलं होतं आणि मी त्याची खोली उघडून, गादीला ऊन दाखवून ठेवायला लागले होते, तेव्हा तुरटीचं रामायण घडलं.

ह्यांचं गाव अजिंठ्याकडचं. पावसाळ्यात तिकडं पाणी गढूळ यायचं आणि घागरीत तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवला की गाळ खाली बसायचा. हे बँकेतून रिटायर झाले, घरात मशीन आलं, तरी तुरटीचा खडा ह्यांच्या हातून सुटला नाही. पिंप दिसलं की फिरव तुरटी. त्या आठवड्यात नळाला चहासारखं पाणी आलं होतं. गॅलरीत आमची दोन पिंपं शेजारी शेजारी असतात. एकात वापरायचं पाणी आणि दुसऱ्यात टाकीसाठी मीठ कालवून ठेवलेलं. ह्यांनी इमानेइतबारे दोन्हीत तुरटी फिरवली.

मला काय माहीत? रविवारी मी नेहमीसारखं टाकीतलं थोडं पाणी काढून पिंपातलं भरलं. तासाभरात कपाटातून धो धो आवाज यायला लागला. दार उघडून बघते तर मोजा पांढऱ्या लगद्यानं गच्च भरलेला आणि पाणी त्याच्या काठावरून सांडतंय. दुसरा मोजा लावला, तोही भरला. तिसरा लावला. वर बघितलं तर बोटांसारखे हलणारे प्रवाळ मुठी वळून बसलेले.

"अवं, तुम्ही ह्या पिंपात काही घातलं का?"

"तुरटी फिरवली फक्त," हे म्हणाले. "गाळ लई होता ना."

"ते समुद्राचं पाणी होतं!"

"मग? समुद्राचं असलं तरी पाणीच हाय की."

मी मुलाला फोन लावला. तो ऑफिसात नव्हता, सुट्टीच होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं, पाण्यातलं विष शोषणारा कोळसा कुठं टाकायचा, पाणी किती बदलायचं ते सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "बाबांना काही बोलू नकोस." माझं आधीच भरपूर बोलून झालं होतं. पुढचे काही दिवस आम्ही दोघं नुसतं पाणी बनवत होतो. हे मिठाची पोती उचलत होते. प्रवाळ हळूहळू उघडले, एक तेवढा गेला. ह्यांनी तो हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "मेलं बिचारं माझ्यामुळं." त्या रात्री ते नीट जेवले नाहीत.

टाकी सावरली आणि मुलानं विषय काढला. "आई, आता आपण ऑटोमॅटिक फिल्टर घेऊ. मोजे बंद."

हे यंत्र म्हणजे एक पेटी. तिच्यात पांढऱ्या, कापडासारख्या कागदाचा मोठा रोल असतो. पाणी त्या कागदातून गाळलं जातं. कागद घाणीनं तुंबला की पेटीतलं पाणी चढतं, पाणी चढलं की मोटर फिरते, घाणेरडा कागद एका बाजूला गुंडाळला जातो आणि कोरा कागद पुढं सरकतो. माणसानं हातही लावायचा नाही. रोल संपला की नवा घालायचा, एवढंच.

मी लगेच हरकती काढल्या. वीज जाते. आवाज येईल. कागद इथं मिळणार नाही. मुळात पाणी फार साफ झालं तर प्रवाळ उपाशी राहतात, हे तूच सांगितलं होतंस. त्यानं शांतपणे एकेक हरकत खोडून काढली. वीज गेली तर पंपही थांबतो, त्यामुळं पाणी चढतच नाही. कागद पुण्याहून येतो. खाणं थोडं वाढवायचं. वर्गात मी पोरांना जसं समजावायचे, तसा तो मला समजावत होता आणि मला त्याचा रागही येत होता आणि कौतुकही वाटत होतं.

यंत्र डोळ्यांनी बघावं म्हणून मी मुकुंदवाडीकडच्या माशांच्या दुकानात गेले. मुलगा वर्षानुवर्षं तिथूनच मासे आणायचा. दुकानदाराकडं त्यातलं एक चालू होतं. मी वाकून बराच वेळ बघितलं. कागद जराही हलला नाही. मी निघाले तेवढ्यात खर्र करून बोटभर सरकला.

"काकू, एक बात बोलूं?" दुकानदार म्हणाला. "लडका वापस आनेवाला है तो ये कायकू लेते? उनो आके खुद देख लेंगा. नहीं आनेवाला तो बडा लेके डाल दो, टेन्शन खतम."

"येणार आहे ना," मी म्हणाले. जरा जास्तच जोरात म्हणाले, कारण दुकानातलं एक गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

"फिर छोटा देखो," तो म्हणाला.

म्हणून मी छोटं बघायला लागले. मुलानं तीन यंत्रं निवडून पाठवली होती. एक विजेशिवाय, पाण्याच्याच वजनावर कागद ओढणारं. मला तेच पहिल्यांदा आवडलं, पण मुलगा म्हणाला की ते मधेच अडकतं आणि मग घरात कुणीतरी लक्ष ठेवणारं लागतं. "मी आहे की," मी म्हणाले. त्यानं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसरं लहान, मोटरवालं. आमच्या कपाटात अलगद बसणारं, पण रोलही लहान, दर महिन्या-दीड महिन्यानं बदलायचा. तिसरं भलंमोठं. रोल कितीतरी महिने पुरणारा, संपत आला की सूचना देणारं, पण ते बसवायचं तर कपाटाची मधली फळी कापावी लागणार. चार फुटांच्या टाकीला एवढं धूड म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

मी टेप घेऊन कपाटात डोकं घातलं, मापं घेतली आणि संध्याकाळी फोनवर जाहीर करून टाकलं, "दुसरंच घेते. फळी कापायला नको. वर्षभर चाललं तरी बास आहे. तेवढ्यात तू येतोसच."

तो म्हणाला, "आई, मोठं घे."

"अरे, पण फळी..."

"फळी कापून घे. मोठं घेतलं की पुढची पाच-सात वर्षं बघायला नको."

मी फोन टाकीकडं धरला होता. फोन नेहमीसारखाच हलत होता, पण या वेळी तो हात स्थिर धर म्हणून ओरडला नाही. एवढी वर्षं मी मुलांचे पेपर तपासले. उत्तर वहीत कुठं दडवलंय ते मला लगेच कळतं.

"म्हणजे तू येणार नाहीस," मी म्हणाले.

"येईन ना, सुट्टीत येईनच. पण आई, इथं मला कायम करतायत. मी हो म्हणालोय." मग तो भराभरा बोलायला लागला. "मी कधीपासून सांगणार होतो. आणि यंत्र त्यासाठीच. टाकीमुळं तुम्हाला दोन दिवससुद्धा घर सोडता येत नाही. आता तुम्ही माझ्याकडं या. दोन महिने, तीन महिने, कितीही राहा. मी खोली तयार केलीये. खिडकीतून झाड दिसतं."

त्यानं आमच्यासाठी खोली तयार केली होती आणि मी इथं त्याच्यासाठी. दोघांनीही एकमेकांना ते सांगितलं नव्हतं. मला त्याचा राग यायला हवा होता, पण येईना. मी "येऊ की," म्हणाले. तो इतका खूश झाला की लगेच ह्यांना फोन द्यायला लावला आणि पासपोर्टचं सांगत बसला. हे "व्हय, व्हय" करत होते आणि माझ्याकडं बघत होते.

मला तिकडं जायचं नव्हतं असं नाही. जाईन, राहीन, त्याला आवडते तशी भरली वांगी करीन, तिकडं वांगी मिळाली तर. पण मला तो इथं हवा होता. दारातून चपला भिरकावत येणारा, टाकीसमोर मांडी ठोकून बसणारा, जेवायला पाच हाका मारल्याशिवाय न उठणारा. पाहुणी म्हणून त्याच्या घरी जाण्यानं ती भूक कशी भागणार? हे मी कुणाला म्हणाले नाही. ह्यांना न म्हणताही कळलं असावं, कारण त्या दिवशी त्यांनी स्वतःहून मोजा धुतला आणि दोरीवर नीट चिमटा लावून वाळत घातला.

मोठं यंत्र आलं. सुतारानं फळी कापली. दुकानदारानं येऊन पेटी बसवली, नळी जोडली, कागदाचं टोक दुसऱ्या दांडीला गुंडाळून दिलं आणि "बडा लिये, अच्छा किये," म्हणाला. मी त्याला चहा दिला. त्यानं मुलाचं काही विचारलं नाही.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. मोज्याचं त्यानं विचारलं नाही. मी फोन कपाटात धरून त्याला सगळं दाखवलं. बराच वेळ काही होईना. तो तिकडून आणि आम्ही दोघं इकडून, तिघंही त्या कोऱ्या कागदाकडं बघत बसलो होतो. मग पाणी चढलं, मोटर फिरली आणि कागद सरकला. हे टाळी वाजवून "सरकला, सरकला!" म्हणाले.

"बघ आई," मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात लहानपणी पहिला नंबर आल्यावर असायचा तसा आनंद होता. "आता तुला काहीच करावं लागणार नाही."

मी बरं म्हणाले आणि फोन ह्यांच्या हातात दिला.