काकूंची सरळ जाणारी गाडी

काकू यंत्रांना लाटणं लावून ऐकायच्या. लाटण्याचं एक टोक यंत्रावर, दुसरं कानाला, आणि मोकळा हात वर, म्हणजे बाकीच्यांनी गप्प बसायचं. तरी कुणी तोंड उघडलंच तर म्हणायच्या, "थांब, बोलू दे तिला."

ती म्हणजे कुणीही असे. माझ्या खोलीवर पहिल्यांदा आल्या तेव्हा चहा होईपर्यंत त्यांनी फ्रिज ऐकला, वॉशिंग मशीन ऐकलं आणि निघताना सांगितलं, "फ्रिज बरा आहे. मशीनचा पट्टा सैल झालाय, घरमालकाला सांग." पिशवीत लाटणं घेऊन फिरणारी बाई तुम्ही कुठे पाहिली असेल तर मला जरूर कळवा. मी ती सेंदाईत आल्या आल्याच पाहिली आणि त्यानंतर जपानचं मला फारसं नवल वाटेनासं झालं.

काकू म्हणजे आमच्या सरांच्या बायको. सर इथल्या विद्यापीठात प्राध्यापक; भूकंपात इमारती कशा हलतात आणि त्या कमी हलाव्यात म्हणून काय करायचं, हा त्यांचा विषय. मी त्यांच्याकडे पोस्टडॉक करायला पुण्याहून आले होते. या माणसाने आयुष्यभर जग जागच्या जागी राहावं म्हणून धडपड केली आणि त्यांना बायको मिळाली ती साताऱ्यात वडिलांच्या इंजिन दुरुस्तीच्या दुकानात वाढलेली. सगळे मराठी लोक त्यांना काकू म्हणत, त्यामुळे जपान्यांना ते आडनावच वाटलं. भाजीवाल्यापासून दंतवैद्यापर्यंत त्या सगळ्यांच्या काकू-सान होत्या.

मला येऊन आठवडाही झाला नसेल, तोच काकूंचा फोन. "रविवारी पोहे खायला ये. जुने कपडे घालून ये."

मला वाटलं, बागकाम असेल. पोहे झाले, चहा झाला आणि काकूंनी मला गाडीत घालून शहराबाहेर नेलं. कापणी झालेली भातशेतं, त्यात एक मोठी पत्र्याची शेड आणि शेडच्या दारात रबरी बूट घातलेले एक जपानी आजोबा. काकू वर्षाचा तांदूळ त्यांच्याकडून घेत. एकदा पोतं उचलायला म्हणून आत गेल्या आणि थप्पीमागे त्यांना ती दिसली.

काय सांगू तुम्हाला! गाडी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे काही येतं त्यातलं तिच्याकडे काहीच नव्हतं. छप्पर नाही, दारं नाहीत, दिवे नाहीत. आडव्या टाकलेल्या शिडीसारखा लांबच लांब पाइपांचा सांगाडा. पुढे सायकलची वाटावीत अशी दोन किडकिडीत चाकं, मागे दोन पिंपाएवढी जाड. त्यांच्या पुढ्यात आठ सिलिंडरचं इंजिन, आणि सगळ्यांच्या मागे, अगदी शेपटाला, एक माणूस जेमतेम मावेल अशी खुर्ची. ड्रॅग रेसिंगची जुनी गाडी होती ती.

"ही वळते कशी?" मी विचारलं.

"वळायचंय कशाला? हिला फक्त सरळ जायचंय. जीव खाऊन सरळ जायचं, मग मागचं पॅराशूट उघडायचं आणि थांबायचं. संपलं! किती स्वच्छ काम आहे बघ." हे सांगताना काकूंचे डोळे चमकत होते.

आजोबांनी तरुणपणी मायदेशी निघालेल्या एका अमेरिकन सैनिकाकडून ती घेतली होती. मग लग्न झालं. नव्या नवरीने एकदाच त्या खुर्चीकडे पाहिलं आणि नाही म्हणून सांगितलं. तेव्हापासून गाडी पोत्यांमागे होती. काकूंनी मागितली तेव्हा आजोबा म्हणाले, "सुरू करून दाखवलीत तर तुमची." आजोबा हे हसत हसत म्हणाले होते. काकूंनी ते मुळीच हसण्यावारी नेलं नाही.

मग आमचे रविवार तिचे झाले. पिस्टन ठार जाम होते. त्यांवर तेल सोडायचं, वाट बघायची, लाकडाचा ठोकळा ठेवून हलकेच ठोकायचं, परत तेल सोडायचं. कार्बोरेटर सरांच्या टूथब्रशने लखलखीत झाला, आणि ते सरांना दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना कळलं. नटबोल्ट तांदूळ धुवायच्या चाळणीत धुतले जात. पिस्टनच्या नव्या रिंगा अमेरिकेहून आल्या त्या दिवशी काकूंनी केशर घालून शिरा केला आणि पहिली वाटी इंजिनापुढे ठेवली. तेलाच्या चिंध्या कुठल्या कचऱ्यात टाकायच्या म्हणून मी महापालिकेचं पत्रक उघडून बसले होते. "जळणाऱ्या कचऱ्यात गं," काकू म्हणाल्या, "आणि काय सुरेख जळतील!" शेवटी त्या पेट्रोल पंपावर नेऊन द्याव्या लागल्या.

सरांचं जपानी पुस्तकी, काकूंचं शेतातलं. सर पोस्टात इतक्या अदबीने बोलत की यांना पाकीट पाठवायचंय हे कळायला बिचाऱ्या कारकुनाला वेळ लागे. काकू मात्र आजोबांशी तिथल्या गावठी बोलीत कडाकडा भांडत, बहुतेक पान्यांवरून. आजोबा वस्तू जागेवर ठेवत नसत. भांडण संपलं की दोघं बाकावर बसून लोणचं खात.

सरही यायचे. शेडच्या दारात टेबल-खुर्ची टाकून विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासत बसायचे आणि मधूनच मान वर करून म्हणायचे, "अगं, या सांगाड्याला इतकी कंपनं सोसणार नाहीत."

"अहो, तुमच्या इमारतींना सोसत नाहीत. हिला सोसतील."

अखेर सरांनी दोन गोष्टींवर अडून बसायचं ठरवलं. सांगाड्याचा प्रत्येक सांधा जाणकाराकडून तपासून घ्यायचा आणि पॅराशूट नवं आणायचं. जुनं उंदरांनी खाल्लं होतं आणि काकू ते घरच्या मशीनवर शिवायला निघाल्या होत्या. नवं आलं, पण त्याची घडी काकूंनी कुणाला घालू दिली नाही. पुस्तिका समोर ठेवून नऊवारीच्या निऱ्या घ्याव्यात तशी एकेक चुणी घेतली आणि वर सरांना म्हणाल्या, "आता सुटणार नाही, आणि सुटायचं तेव्हा बरोबर सुटेल."

इंजिन सुरू करायचं ठरलं तेव्हा आली इथली रीत. आपल्यामुळे आवाज होणार असेल तर आधी घरोघर जायचं, हातात काहीतरी छोटी भेट, आणि आगाऊ माफी मागून यायची. काकू आसपासच्या शेतकऱ्यांकडे चकल्या घेऊन हिंडल्या. चकल्या नको इतक्या खुसखुशीत झाल्या होत्या. रविवारी आवाज टाळायला कुणी बाहेरगावी गेलं नाही. सगळी वस्ती घडीच्या खुर्च्या घेऊन बघायला हजर!

या गाडीला स्टार्टर नसतो, मागून ढकलावी लागते. आजोबांनी आपला पांढरा केई ट्रक, म्हणजे आपल्याकडचा छोटा हत्ती असतो ना, साधारण तेवढा, तिच्या मागे लावला आणि शेतातल्या रस्त्यावर हळूच ढकलायला सुरुवात केली. ती खोकली. शिंकली. मग एकदम असा आवाज झाला की मला तो कानाआधी बरगड्यांत कळला. कावळे उडाले, एका आजीबाईंनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि भूकंपांच्या इतक्या वर्षांच्या सवयीने आमचे सर थेट टेबलाखाली गेले.

काकूंनी लगेच इंजिन बंद केलं. हसून हसून त्यांना खुर्चीतून उतरता येईना.

पण शेतात गुरगुरणं वेगळं आणि धावणं वेगळं. सर येत्या वसंतात निवृत्त होणार होते, पुण्याला परतायचं पक्कं झालं होतं आणि गाडी बरोबर नेता येणार नव्हती. डोंगरात शेतमालाच्या विमानांसाठी बांधलेली एक छोटी धावपट्टी होती. विमानं कधीच येईनाशी झालेली. आता तिथे दर शरदात जुन्या गाड्यांचा मेळावा भरे. त्यानंतर बर्फ पडायचं. काकूंना मिळणार होता तो एकच दिवस आणि एकच धाव. त्या दिवशी गाडी धावली नाही तर काकूंच्या हयातीत ती पुन्हा धावायची नव्हती. त्या आठवड्यात काकू रोज हवामान बघत आणि रोज आमटीत मीठ विसरत.

मेळाव्याच्या दिवशी आभाळ भरून आलेलं. पाऊस पडला की पट्टी बंद, असं संयोजकांनी सकाळीच सांगितलं होतं. काकूंनी आगीपासून वाचवणारा पोशाख बाह्या दुमडून चढवला, मंगळसूत्र आत सरकवलं आणि हेल्मेट घालून खुर्चीत बसल्या. आजोबा ट्रक घेऊन मागे तयार. सर आणि मी रेषेच्या बाजूला.

आणि तेवढ्यात काकूंनी मला खूण केली. माझ्या पायाशी ठेवलेल्या पिशवीत चार पिवळीधमक लिंबं होती.

आता तुम्हीच सांगा. गाडी पहिल्यांदा बाहेर काढताना चाकांखाली लिंबं ठेवायची नाहीत तर काय करायचं? मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. सरांनाही नाही, उलट "मागचं डावं नीट बसलं नाहीये" असं तेच म्हणाले. भौतिकशास्त्र कोळून प्यायलेली तीन माणसांची टोळी आम्ही, निदान दोघं तरी, आणि रबर पट्टीला घट्ट चिकटावं म्हणून जिथे लोक पहाटेपासून चिकट द्रावण घासत होते तिथे आम्ही चार रसदार लिंबं मांडली. आजोबांनी ट्रक पुढे घेतला. फच्च!

शिट्ट्या वाजल्या. लाल झेंडे हलले. पांढऱ्या कपड्यांतली माणसं फडकी घेऊन धावत आली आणि गुडघ्यांवर बसून आमचा लिंबाचा रस टिपायला लागली. वर आभाळ आणखी काळं झालं. काकूंचा चेहरा पडला. इतक्या वर्षांत तो पडलेला मी तेव्हाच पाहिला. हेल्मेट काढून त्या उतरल्या, कमरेत वाकून वाकून माफी मागू लागल्या आणि शेतातल्या जपानीत मुख्य संयोजकांना सांगू लागल्या की ही आमच्याकडची पूजा, गाडीला दृष्ट लागू नये म्हणून, चूक झाली, पण हिला एकदा धावू द्या.

संयोजक रागावलेले होते. त्यांनी लिंबाची साल उचलली, वास घेतला. मग म्हणाले, "म्हणजे ओहाराई." जपानीही नवी गाडी देवळात नेऊन शुद्ध करून घेतात. त्यांनी एक सुस्कारा सोडला. "पण काकू-सान, ओहाराई पार्किंगमध्ये करायची असते."

तोवर रांगेतले दोन रेसर येऊन मला हळूच विचारू लागले होते की आणखी लिंबं आहेत का.

चाकं पुसली, पट्टी पुसली, परत द्रावण घासलं. पहिला थेंब माझ्या नाकावर पडला तेव्हा हिरवा झेंडा वर झाला. आजोबांनी ढकललं, ती खोकली आणि पेटली. रेषेवर येऊन उभी राहिली तेव्हा पायाखालची जमीन थरथरत होती. हेल्मेटची काच खाली करण्याआधी काकूंनी एकदा आमच्याकडे पाहिलं आणि खळखळून हसल्या. का हसल्या ते मला बाजूला वळून पाहिल्यावर कळलं. सर दोन्ही मुठी आवळून, डोळे गच्च मिटून उभे होते.

मग ती सुटली. धूर, आवाज, जळक्या रबराचा वास आणि त्या सगळ्यातून पुढे निघालेली एक बारीक रेघ. तसूभरही वाकली नाही. दूरवर निऱ्या फुलाव्यात तसं पॅराशूट उघडलं आणि मी इतकी ओरडले की पुढचे दोन दिवस मला आवाज नव्हता. पाठोपाठ पाऊस कोसळला आणि पट्टी बंद झाली.

काकूंना ट्रकमधून परत आणलं तेव्हा त्या लहान मुलीसारख्या उड्या मारत होत्या. "मला आतून काहीच दिसलं नाही! अहो, सांगा ना, कशी धावली?"

सरांनी चष्मा पुसला आणि सांगायला सुरुवात केली. काय सांगितलं म्हणता! बाण सुटावा तशी, पुढची चाकं वीतभर उचलली, धुराचा लोट इतका उंच. काकू हनुवटीला हात लावून ऐकत होत्या आणि मधेमधे "हो का?", "अगं बाई!" म्हणत होत्या. माझी नजर टाळत होत्या, एवढंच.

वसंतात ती दोघं पुण्याला गेली. गाडी आजोबांकडेच राहिली, पण पोत्यांमागे नाही, दारात, ताडपत्रीखाली. मी सुट्टीत पुण्याला गेले की काकूंच्या घरी कुणी ना कुणी पाहुणे असतच आणि चहा झाला की काकू म्हणत, "अहो, यांना सांगा ना, ती कशी धावली." दर खेपेला चाकं थोडी अजून वर उचलली जात आणि काकू पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या ऐकत.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. आजार असा नव्हताच, हृदय थांबलं. मला फार रडू आलं आणि इथून जाता आलं नाही.

परवा सरांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलले, आजोबांची चौकशी केली. मग म्हणाले, "एक सांगायचंय तुला. त्या दिवशी मी डोळे मिटून घेतले होते. मी काहीसुद्धा पाहिलं नाही गं. आणि तिला मात्र इतकी वर्षं..."

"मला माहीत आहे, सर."

"तुला माहीत आहे?"

"काकूंनाही माहीत होतं. निघताना त्या तुमच्याकडे बघूनच तर हसल्या."

मग सर हसायला लागले. आधी हळू, मग मोठ्याने, मग ते हसणं मधेच ओलं झालं. "लबाड!" ते म्हणाले. "आणि तरी दर वेळी मलाच सांगायला लावायची!"

त्यांनी नाक शिंकरलं. "बरं, आता तू सांग. खरंच कशी धावली?"

मी फोन दुसऱ्या कानाला घेतला आणि पहिल्यापासून सांगायला बसले.